जपानी शेवया

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम
४ ऑगस्ट २०२४

चि. करण,

तुह्या विमल मावशीचा जय भीम.

पाकिटावरचं नाव पाहून दचकू नको. मी उत्कर्षची आई. फोन लावता आला असता, पण ती बातमी तू फोनवर दिली तवापासून मी फोन कानाले लावत नाही. कोणाचाच नाही. त्यात तुहा दोष नाही बाबू, कोणाले तरी सांगाच लागलं असतं. पण फोन वाजला का मी घराबाहेर निघून जातो. म्हून कागद घेऊन बसली. सातवी शिकेल हाये मी अन् अंगणवाडीत मदतनीस हाये, तं अक्षर तुले लागन.

तू मले कधी पाह्यलं नाही, पण मले तू सारा मालूम हाये. तुमी दोघं एका कारखान्यात, एका खोलीत. तो सांगे, "आई, इतक्या दूर येऊन रूममेट भेटला तं धनजच्या तांड्यावरचा, आपल्याच जिल्ह्यातला." तू घोरते हेही सांगे.

येत्या सतरा नोव्हेंबरले त्याले वर्ष होते. विहारात पुण्यानुमोदन ठेवलं हाये. वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी हे तं होईनच. पण त्याच्या आवडीचं काहीतरी पंगतीत पडावं असं माह्या मनात हाये. इथं होता तवाचं मले मालूम हाये, भाकर अन् ठेचा भेटला का पोट्टं खूश. पण तिकडं गेल्यावर दर फोनले एकच गाणं, "आई, आज जपानी शेवया खाल्ल्या." मी म्हणो, दुधात का गुळाच्या पाण्यात? तं हासत सुटे. म्हणे, फोनवर तुले नाही समजणार, घरी आल्यावर करून दाखवतो. आता तूच सांग. कशा करतात, कशासंगं खातात.

अन् अजून एक. हे मी त्याच्या बाबाले विचारू शकत नाही. तो गेला त्या दिवशी जेवला होता का रे? उपाशी तं नाही गेला माहं लेकरू? मी दिवसभर दुसऱ्याच्या लेकराईले खिचडी वाढतो. एखाद्यानं रिकामी ताटली पुढं धरली का मले तेच आठवते अन् हात थांबते. बाकी साऱ्या गोष्टी मी सहन करून राह्यली, ही होत नाही. काय असन ते लिव.

तुही,
विमल मावशी

*

तोयोहाशी, जपान
२८ ऑगस्ट २०२४

आदरणीय विमल मावशी,

जय भीम. माझ्याकडून जय सेवालाल.

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा मी ड्युटीवर जायले निघालो होतो. अक्षर पाहूनच समजलं, उत्कर्षही 'ष' असाच काढे. घोरण्याचं खोटं आहे. घोरे तो.

त्या शेवयाईले इथं त्सुकेमेन म्हणतात. आपल्यासारख्या बारीक नसतात, सुतळीएवढ्या जाड. उकळून, लगेच थंड पाण्यात चोळून धुतात अन् नुसत्याच मोठ्या वाडग्यात ठेवतात, कोरड्या. रस्सा वेगळा, छोट्या वाडग्यात. मासे अन् हाडं दिवसभर उकळून केलेला, पिठल्यासारखा घट्ट अन् कढत. काड्याईनं चार शेवया उचलायच्या, रस्स्यात बुडवायच्या अन् भुरका मारून खायच्या. आवाज आला पाहिजे. इथं तीच रीत आहे, भुरके मारले तर मालकाले बरं वाटते. उत्कर्ष म्हणे, "घरी वरणाचा भुरका मारला तं आई डोक्यात टपली मारे, इथं शाबासकी भेटते."

कारखान्यातून खोलीवर येताना रेल्वेच्या पुलाखाली ते दुकान आहे. डोक्याले टॉवेल गुंडाळलेला एक म्हातारा चालवते. दाराशी मशीन असते, बटण दाबलं का चिठ्ठी निघते, ती म्हाताऱ्याले द्यायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा उत्कर्षनं भलतंच बटण दाबलं. समोर कोरड्या शेवया अन् बाजूले रस्सा आला. तर यानं काय केलं, वरण-भातावर ओतावं तसा सारा वाडगा शेवयाईवर उलटा केला अन् हातानं काला कालवायले बसला. सारं दुकान खायचं थांबलं. म्हातारा आतून धावत आला. आमाले वाटलं आता हाकलते, तर तो हासून हासून लाल झाला अन् दुसरा वाडगा फुकटात देऊन स्वतः बुडवून दाखवलं. तेव्हापासून ते आमचं दुकान झालं. पगार झाला का तिथंच.

अन् शेवटी एक गोष्ट असते, ती उत्कर्षले सगळ्यात आवडे. शेवया संपल्या का वाडग्यात थोडा घट्ट रस्सा उरते, तो नुसता खारट लागते. मंग म्हाताऱ्याले सांगायचं, तो त्यात गरम पातळ पाणी ओतते, हाडाईचंच उकळलेलं. ते प्यायचं. उत्कर्ष डोळे मिटून पिये.

तुमी जे विचारलं त्याचं लिहितो. मावशी, तो जेवला होता. सुट्टी झाल्यावर आमी दोघं दुकानात गेलो. त्यानं मोठा वाडगा घेतला, सारा संपवला, शेवटचं गरम पाणी मांगून पिलं. मंग तो सायकलवर पुढं निघाला अन् मी मागं राहिलो. पुढचं तुमाले मालूम आहे. पण पोट भरलेलं होतं त्याचं. तुमी त्याची काळजी करू नका.

उत्कर्षच्या बाबाले, गोविंदाकाकाले, नमस्कार.

तुमचा,
करण

*

मेडशी
२१ सप्टेंबर २०२४

चि. करण,

तुहं पत्र आलं, बाबू. कितीदा वाचलं ते सांगत नाही, हासशील.

उत्कर्षच्या बाबाले मोठ्यानं वाचून दाखवलं. तुले मालूम नसन, तो गेल्यापासून हा माणूस घरात बोलतच नव्हता. वावरात जाये, तुरीत खुरपत बसे, आला का भिंतीकडं तोंड करून झोपे. काल्याचं वाचलं तं हासले. मले पह्यले समजलंच नाही हा आवाज कोठून आला. "मोठा वाडगा घेतला, सारा संपवला" हे त्याईनं मले तीनदा वाचाले लावलं. मंग स्वतःच्या हातानं भाकर वाढून घेतली अन् जेवले. तुह्या कागदानं माह्या घरात चूल पेटली असं समज.

आता माहं ऐक. पंगतीच्या आधी एकडाव करून पाहावं म्हून मी गव्हाच्या शेवया जाड वळल्या, तू सांगतलं तशा. मासे-हाडं विहाराच्या पंगतीत चालणार नाहीत, म्हून चन्याच्या डाळीचा घट्ट रस्सा केला, तीळ-खोबरं भाजून, काळा मसाला टाकून. चव लय छान आली. अन् मंग काय केलं? सारा रस्सा शेवयाईवर ओतून दिला. तुहं पत्र चुलीपाशीच होतं, तरीबी. हाताले सवयच ती. अर्ध्या घंट्यात गंजात नुसता लगदा. उत्कर्षचे बाबा म्हणे, "माय तसा लेक." मी हासली अन् मंग लय रडली.

सध्या पितरपक्ष चालू हाये. शेजारची कमलीबाई रोज पत्र्यावर घास ठेवते कावळ्यासाठी. परवा म्हणे, "विमल, तूही ठेव ना पोराच्या नावानं, कोणाले मालूम पडते?" चांगली बाई हाये, माह्या भल्यासाठीच बोलली. पण आपल्यात ते नाही. प्रतिज्ञा घेतली हाये, श्राद्ध नाही, पिंड नाही. माह्या सासऱ्यानं घेतली, आमी पाळतो, अन् मले ते पटते. कावळ्यानं खाल्लेलं लेकराच्या पोटात कसं जाईन? तरी खरं सांगतो, त्या दिवशी मी घास हातात धरून आंगनात उभी राह्यली. मंग तुहं पत्र आठवलं का तो जेवून गेला. तं घास मीच खाल्ला.

त्या दिवशीचं अजून लिव ना. काय बोलला जेवता जेवता? माहं नाव काढलं का? अन् तू अजून जाते का त्या दुकानात? म्हातारा बरा हाये का?

तुही,
विमल मावशी

*

तोयोहाशी
१० ऑक्टोबर २०२४

आदरणीय विमल मावशी,

जय भीम, जय सेवालाल.

पत्राले उशीर झाला, माफ करा. काम लय आहे.

लगदा झाला कारण शेवया गरम होत्या. उकळल्याबरोबर थंड पाण्यात टाका अन् हातानं चोळून धुवा, वरचं पीठ निघून जाते. मंग पंगत बसेपर्यंत त्या तशाच राहतात. रस्सा मात्र शेवटपर्यंत चुलीवर ठेवा. दोन्ही एकत्र फक्त तोंडाजवळ यायले पाहिजे. तुमचा डाळीचा रस्सा चालन, उत्कर्षले आवडला असता.

त्या दिवशीचं जास्त आठवत नाही मावशी. नेहमीसारखंच बोलत होता. तुमचं नाव काढलं असन.

दुकानात मी आता जात नाही. माझी शिफ्ट बदलली अन् रस्ताही बदलला. मी लांबच्या रस्त्यानं येतो, पुलाकडून येत नाही. जेवणाचं काय, कंपनीत डबा भेटते. नाही भेटला तरी चालते, आताशा भूक एवढी लागत नाही. पँट ढिल्या झाल्या म्हणून इथले पोरं चिडवतात. खोलीत त्याच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही.

म्हातारा कसा आहे ते मले मालूम नाही.

काकाले नमस्कार.

करण

*

मेडशी
२२ नोव्हेंबर २०२४

चि. करण,

पुण्यानुमोदन नीट पार पडलं. मालेगावहून बौद्धाचार्य आले होते. वंदना झाली, फोटोले मेणबत्ती लावली, चार जण त्याच्याबद्दल बोलले. त्याचे बाबा बोलाले उभे राह्यले अन् बसले.

शेवया मी मोठ्याईले नाही वाढल्या. म्हटलं, पंगतीतले म्हातारे नाव ठेवतीन, बाईनं लेकराच्या वर्षाले काय ध्यान मांडलं. माह्या अंगणवाडीचे सारे लेकरं बोलावले अन् त्याईले वेगळं बसवलं. शेवया थंड पाण्यात चोळून, कोरड्या. वाटीत रस्सा. त्याईले सांगतलं, "आज भुरका मारला तं कोणी टपली मारणार नाही." बाप्पा, काय आवाज केला त्याईनं. विहारातले सारे लोक वळून पाहाले लागले. म्हातारेही मंग वाट्या घेऊन आले. शेवटी मी केटलीतून डाळीचं गरम पाणी ओतत फिरली. एक पोरगी डोळे मिटून पिये. मी तिच्यापाशी उभी राह्यली ते तिची वाटी रिकामी होईपर्यंत.

आता दुसरी गोष्ट. नीट बसून वाच.

तू लिवलं का तो जेवून निघाला. बाबू, तो नाही जेवला. मले मालूम हाये. कारखान्यातून सायकल काढता काढता त्यानं मले फोन केला होता. म्हणे, "आई, सकाळपासून पोटात काही टाकलं नाही, मुद्दाम ठेवलं, आज मोठा वाडगा खातो. करण दुकानात बसून माही वाट पाहून राह्यला. ठेवतो." हासून राह्यला होता. मंग तुहाच फोन आला.

हे मी कोणाले नाही सांगतलं. त्याच्या बाबालेही नाही.

तू म्हणशील, मालूम होतं तं मले काहून विचारलं. विचारलं कारण मले पाह्यजे होतं का कोणीतरी सांगावं, तो जेवला. स्वतःले सांगून पाह्यलं मी, माहं मन ऐकत नव्हतं. तू सांगतलं, अन् इतकं चांगलं सांगतलं का दोन दिवस मी ते खरंच धरलं. डोळ्यानं पाह्यलं त्याले, वाडगा तोंडाले लावून. तुह्यावर राग नाही माहा. उलट तुहे उपकार. त्याचे बाबा अजून ते पत्र खिशात घेऊन वावरात जातात. त्याईले मी मरेपर्यंत खरं सांगणार नाही. तूही सांगू नको.

पण तुह्या दुसऱ्या पत्रानं मले झोप येत नाही. त्यात तूच उपाशी हायेस. रस्ता बदलला, भूक लागत नाही, पँट ढिल्या झाल्या. मी रोज लेकराईले वाढतो रे, कोणतं लेकरू घरून जेवून आलं अन् कोणतं खोटं सांगून राह्यलं हे मले पाठमोरं समजते. तो येतो म्हणून तू वाट पाहत बसला अन् तो आला नाही. तू अजून तिथंच बसेल हायेस.

माह्या लेकराच्या नावानं मी कावळ्याले घास ठेवत नाही. मेलेल्याले भूक नाही, हे मी आता पक्कं समजून घेतलं. जेवाचं तं जित्याईनं. म्हून तुले सांगतो, त्या दुकानात जा. एकटा जा. मोठा वाडगा घे. सारा संपव अन् शेवटचं गरम पाणी मांगून पी. मले उत्कर्षसाठी काही नको. तुह्यासाठी सांगून राह्यली. तांड्यावर तुही माय असन, तिलेही फोनवर तू "जेवलो" म्हणूनच सांगत असशील.

जेवून आला का लिव. आधी लिवू नको.

तुही,
विमल मावशी

*

तोयोहाशी
१९ डिसेंबर २०२४

आदरणीय विमल मावशी,

जय भीम. जय सेवालाल.

तुमचं पत्र उशीखाली ठेवून लय दिवस काढले. रविवारी गेलो.

आधी त्या दिवसाचं सांगतो, आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. मी दोन चिठ्ठ्या काढून बसलो होतो. म्हाताऱ्यानं शेवया टाकू का विचारलं, मी म्हटलं थांबा, मित्र येऊन राह्यला. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा थांबा म्हटलं. बाहेर ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजत गेला, तरी मी बसूनच होतो. मनात त्याले शिव्या देत होतो, का पोट्टा उशीर करते. मंग कारखान्यातल्या पोराचा फोन आला, का उत्कर्षच्या सायकलले गाडीनं उडवलं, अन् मी तसाच पळालो. चिठ्ठ्या काउंटरवरच राहिल्या. म्हाताऱ्याले काही सांगितलं नाही, मंग कधी गेलोच नाही.

रविवारी दारातून आत शिरलो तर त्यानं लगेच ओळखलं. मान हलवली, अन् माझ्या मागं दाराकडं पाहत राहिला. दुसरा कधी येते म्हणून. पार्टनर कुठं आहे, असं विचारलं. मले त्याईच्या भाषेत 'वारला' म्हणायचा शब्द मालूम आहे, पण वर्षभर कोणाजवळ बोललो नव्हतो. बोललो. त्यानं हातातली पळी खाली ठेवली, डोक्याचा टॉवेल काढला अन् उभा राहिला. मंग मले बसायले सांगितलं.

मोठा वाडगा घेतला. पहिल्या शेवया बुडवल्या अन् तोंडापर्यंत नेल्या. तशाच धरून बसलो. मंग तुमच्या अंगणवाडीतले लेकरं आठवले, विहारात भुरके मारणारे, अन् मी पण मारला. मोठ्यानं. बाजूचा माणूस वळला. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, तरी खात राहिलो. मावशी, मले लय भूक लागली होती. एवढी भूक आहे हे मलेच मालूम नव्हतं.

शेवया संपल्या. मी मांगायच्या आधी म्हातारा केटली घेऊन आला, अन् गरम पाणी ओतून तिथंच उभा राहिला. मी डोळे नाही मिटले. डोळे मिटले असते तर तो बाजूले बसेल दिसला असता, म्हणून उघडेच ठेवले अन् पिलो.

आता पुलाकडूनच येईन. फेब्रुवारीत सुट्टी आहे, तांड्यावर जायच्या आधी मेडशीले उतरतो. डाळीचा रस्सा करून ठेवा, माझ्याकडून ओतला जाणार नाही.

काकाले दाखवायले दुसरं पत्र लिहितो, हे तुमी जवळच ठेवा. तुमाले मी एकदा खोटं लिहिलं होतं, म्हणून यावेळी नीट लिहून राह्यलो, हे खरं आहे. मावशी, मी जेवलो.

तुमचा,
करण